दगडफूल

साराचा पहिला घोट तोंडात गेला आणि शर्वरीच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. शुक्रवारची दुपार होती. नमाज आटोपून परतणाऱ्या गाड्यांचे हॉर्न खाली मंगफच्या गल्लीत वाजत होते, खिडकीच्या काचेवर कालच्या धुळीचा थर तसाच होता, आणि टेबलावर भात, बटाट्याची भाजी, पापड आणि टोमॅटोचं सार, तिनंच केलेलं, लग्न झाल्यापासून करते तसंच. घोट गिळावा की थुंकावा हे तिला कळेना. उजव्या गालाच्या आत कुणीतरी निखारा दाबून धरला होता. "तिखट झालंय?" सलीलनं विचारलं, आणि स्वतः एक घोट घेऊन म्हणाला, "नाही गं. बरोबर आहे." समोर त्यांची लेक जुईली फोनमधून मान वर न करता जेवत होती. शर्वरीनं घोट गिळला. सगळं बरोबरच होतं. मीठ, तिखट, गूळ. पण पुढे कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं, की ती जळजळ साराची नव्हतीच, त्याच्या त्या शांत, तपासून दिलेल्या 'बरोबर आहे'ची होती.

जेवणानंतर ती बाथरूममध्ये गेली, फोनचा टॉर्च लावला आणि बोटानं गाल ओढून आरशात पाहिलं. आत लालभडक झालं होतं, आणि त्या लालीवर पांढऱ्या रेघांची एक बारीक जाळी पसरली होती. नाशिकला आई दुपारची सुईवर लेस विणायची, तशी. तिनं बोट लावलं. जाळी निघाली नाही. ही कधी विणली गेली? आपल्या तोंडात, आपण रोज ज्या तोंडानं बोलतो, गिळतो, वर्गात ओरडतो, त्याच्या आत आपल्याला न विचारता काहीतरी चाललं होतं, आणि ते आजचं नव्हतं हे उघड होतं; त्याला एक जुनेपणा होता, राहत्या भाडेकरूसारखा. जुईलीनं दार वाजवलं. "मॉम, हाउ लाँग?" शर्वरीनं टॉर्च बंद केला.

काही आठवडे तिनं त्याला 'तोंड आलंय' एवढंच म्हटलं. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या, रात्रीचं तूप लावून झालं. कोथरूडहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "जाईचा पाला चाव, उतरेल." आखाताच्या या वाळवंटात जाई कुठून आणू, असं नेहमीच्या शर्वरीनं विचारलं असतं, पण तेव्हा तोंड उघडणंच नको वाटत होतं, म्हणून ती नुसतं "बरं" म्हणाली. सासूबाईंना त्या 'बरं'ची सवय नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी कुणाला तरी सांगितलं होतं, "मुलगी गुणी आहे, पण फाटक्या तोंडाची," आणि शर्वरीनं ते ऐकून तिथल्या तिथे विचारलं होतं, "मग शिवून घेऊ का?" त्या वेळी सलील खो खो हसला होता. आईसमोर. त्या हसण्यासाठी शर्वरीनं त्याला पुढे पुष्कळ गोष्टी माफ केल्या होत्या. लग्नाआधी पुण्याहून नाशिकला मोटारसायकलवरून येताना तो म्हणायचा, "तू बोलत राहा, नाहीतर मला झोप लागेल," आणि ती मागे बसून वाऱ्यात ओरडत बोलत राहायची; राजकारण, मावशीचं भांडण, प्राध्यापकांच्या नकला. त्या प्रवासांत तिचा घसा बसायचा, पण तोंड दुखल्याचं तिला आठवत नव्हतं.

शेवटी जाब्रियातल्या एका क्लिनिकमध्ये जावंच लागलं. डॉक्टर फातिमा इजिप्तच्या होत्या, हाताला हलक्या, बोलायला स्पष्ट. त्यांनी गालातला कणभर तुकडा कापून तपासायला पाठवला, एक टाका घातला, आणि पुढच्या भेटीला इंग्रजीत सांगितलं की याचं नाव ओरल लायकेन प्लेनस. शरीर आपल्याच अस्तराला परकं समजून त्याच्यावर उठतं. का, ते नक्की माहीत नाही. जात नाही; कधी झोपतो, कधी उठतो. तिखट, आंबट, खरखरीत टाळायचं, ताण टाळायचा, दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं, कारण क्वचित, अगदी क्वचित, त्यातून वाईट निघू शकतं. शर्वरी त्या 'क्वचित'भोवती घुटमळत होती. तेवढ्यात शेजारी बसलेला सलील पुढे झुकला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला. "इज इट कंटेजियस?"

डॉक्टर म्हणाल्या, अजिबात नाही. सलीलनं मान हलवली. तो शुऐबाच्या पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये इंजिनियर होता, गळती कुठून कुठे जाईल हे आधी विचारणं त्याच्या हाडात होतं. शर्वरीनं स्वतःला हे सगळं समजावून सांगितलं. घरी आल्यावर तिनं शब्दकोशात पाहिलं. लायकेन म्हणजे दगडफूल. ती स्वयंपाकघरात गेली आणि गोड्या मसाल्याच्या सामानाचा डबा उघडून त्यातली पुडी बाहेर काढली. काळपट, कुरळलेल्या, कागदासारख्या पाकळ्या. आई म्हणायची, भाजल्याशिवाय याला वास सुटत नाही. "हे खाऊन होतं?" सलीलनं मागून विचारलं, अगदी गंभीरपणे, आणि शर्वरीला हसू फुटलं, गाल दुखेपर्यंत, मग तोही हसला. या आजारावर दोघं मिळून हसले ते तेवढंच.

त्यानंतरच्या शुक्रवारी सामान आणायला निघाले तेव्हा गाडीत दोन सीट्सच्या मधल्या खाचेत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. इतकी वर्षं एकच असायची. उन्हाळ्यात तिच्यातलं पाणी कोमट व्हायचं आणि ते एकमेकांच्या हातून घेऊन प्यायचे, तोंड लावून. एका बाटलीच्या झाकणावर त्यानं निळ्या पेनानं छोटासा 'श' काढला होता. अक्षर सुंदर होतं. शर्वरीनं त्या अक्षराकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. बोलायचं होतं ते जिभेवर आलं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकलंस ना, एवढंच विचारायचं होतं. पण त्या दिवशी ओठ हलवला तरी आत सालटं ओढल्यासारखं व्हायचं, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी एवढी कळ सोसायची का, असा हिशेब तिनं आयुष्यात पहिल्यांदा केला. तो हिशेब एकदा सुरू झाला की थांबत नाही. प्रत्येक वाक्य उच्चारण्याआधी तिच्या आत कुणीतरी विचारू लागलं, हे दुखण्याच्या लायकीचं आहे का? आणि बहुतेक वाक्यं नसायचीच. जुईलीला ओला टॉवेल उचलायला सांगणं, सलीलला त्याच्या आईनं केलेला खोचकपणा दाखवून देणं, मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये पुन्हा बायकांनाच स्वयंपाक का, असं उठून विचारणं. सगळं गळत गेलं.

आणि घराला ते आवडलं. हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला, आणि आल्यावर ते काट्यासारखं रुतून बसलं. "किती शांत वाटतं अलीकडे," सलील सोफ्यावर पाय पसरून म्हणाला. "मॉम, यू आर सो चिल नाऊ," असं म्हणून जुईलीनं तिला मागून मिठी मारली, कित्येक महिन्यांनी. सासूबाई सलीलला म्हणाल्याचं कळलं, की शर्वरीला आता समज आली. सलीलचा मित्र अभिजीत मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीत होता, त्याची बायको शर्मिला मंडळाच्या कार्यक्रमात तिचा हात धरून म्हणाली, "किती छान झालीयेस गं, आतून शांत. मेडिटेशन करतेस का?" शर्वरी ओठ मिटून हसली. ओठ मिटून हसणं तिला शोभतं, असंही कुणीतरी म्हणालं. शाळेत मात्र ती गळ्यात माइक अडकवून आठवीला विज्ञान शिकवत राहिली. तिथल्या वाक्यांपुढे तो हिशेब गप्प बसायचा. मधल्या सुट्टीत ती थकून बसे. भूगोल शिकवणारी सफिया, रत्नागिरीकडची, एकटीच तिच्यासमोर डबा उघडून विचारायची, "काय गो, तुझं बोलणं कुठं गेलं? मला करमत नाय तुझ्याशिवाय." सफिया तिच्यासाठी तांदळाची पेज आणायची, बिनमिठाची, आणि भांडकुदळ शर्वरीच्या जुन्या गोष्टी तिलाच सांगायची. त्या ऐकताना शर्वरीला वाटे, आपण मेलेल्या माणसाच्या आठवणी ऐकतोय.

डॉक्टरांनी एक औषधाचं पाणी दिलं होतं. रोज संध्याकाळी ते तोंडात घेऊन काही मिनिटं धरून ठेवायचं. गिळायचं नाही, बोलायचं नाही, मग थुंकायचं. ती बेसिनपाशी उभी राहायची, गाल फुगवून, आरशातल्या स्वतःकडे बघत. एक दिवस सलील दारात येऊन टेकला. "जुईलीचं पुण्याचं कॉलेज जवळजवळ नक्की झालंय," तो म्हणाला. तिनं मान हलवली. "मी विचार करत होतो, तूही तिच्याबरोबर गेलीस तर? इथली धूळ, शाळेतला ताण. तिथे आई आहे. मी इथे एखादी खोली घेईन." शर्वरीनं हात वर केला. थांब, असं तिला म्हणायचं होतं, थुंकू दे मला. "बरं, विचार कर," असं म्हणून तो गेला, आणि ती तोंड धुऊन बाहेर आली तोवर तो प्लांटच्या कुणाशी तरी फोनवर बोलत होता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच वेळी आला. तिसऱ्याही. मग तो नेहमी त्याच वेळी येऊ लागला. जून बरा पडेल. वरची खोली आई रिकामी करून देईल. तो मुद्दाम ती वेळ निवडत होता का? शर्वरीनं यावर पुष्कळ विचार केला. नसावा. तो दुष्ट नव्हता. त्याला फक्त तिच्याशी बोलणं सोपं जाईल अशी एक जागा सापडली होती, आणि तिथे तो एखाद्या सावलीत बसावं तसा येऊन बसत होता. एकदा ती मध्येच थुंकून म्हणाली, "सलील, हे आपण नीट बोलू या." तो लगेच म्हणाला, "अगं, पूर्ण वेळ धर ना औषध. मला काही घाई नाही." आणि खरंच निघून गेला.

मार्चमध्ये पाडव्यानंतरच्या शुक्रवारी अभिजीत आणि शर्मिला जेवायला आले. शर्वरीनं श्रीखंड-पुरी केली, बटाट्याची भाजी केली, मसालेभात केला. स्वतःच्या ताटात मऊ भात आणि दूध घेतलं. पुरी सगळ्यांची कुरकुरत मोडत होती आणि तो आवाज तिला स्वतःच्या गालात ऐकू येत होता. सलील खुशीत होता. श्रीखंडाची दुसरी वाटी घेत तो म्हणाला, "जूनमध्ये दोघी पुण्याला. शर्वरीही जातेय जुईलीबरोबर."

"कायमची?" अभिजीतनं विचारलं.

"हो. तिच्या तब्येतीला तेच बरं. मी अजून तीन-चार वर्षं काढेन इथे."

"शर्वरी, तू तयार झालीस?" शर्मिला म्हणाली. "मला वाटलं होतं, तू भांडशील."

"आमचं बोलणं झालंय सगळं," सलील म्हणाला.

शर्वरीनं चमचा खाली ठेवला. आतल्या त्या हिशेबनिसानं नेहमीसारखं विचारलं, आणि ती त्याला मनात म्हणाली, हो, हे आहे लायकीचं. "बोलणं झालेलं नाही," ती म्हणाली. "तो बोललाय. माझ्या तोंडात औषध होतं."

अभिजीत हसला. त्याला तो विनोद वाटला. मग कुणीच हसत नाही हे पाहून त्यानं पाण्याचा ग्लास उचलला.

"मी जाणार नाही," शर्वरी म्हणाली. आवाज किती दिवसांनी एवढा मोठा निघाला होता. "माझी शाळा आहे इथे. जुईली मोठी झालीये, ती होस्टेलवर राहील. सलील, मी कधी म्हटलं जाते म्हणून? एकदा तरी? तू मला विचारलंस, की सांगितलंस?" ती बोलत सुटली. ओठाच्या कोपऱ्याशी काहीतरी फाटल्याचं तिला कळलं, गालातलं सालटं दातात आलं, पण वाक्यं एकामागून एक येत होती, जुन्या शर्वरीची, धारदार, आणि त्या कळीतही तिला एक विलक्षण सुख होत होतं. बाटल्यांचं ती बोलली. सासूबाईंच्या वरच्या खोलीचं बोलली. मग तिला दिसलं, की शर्मिला तिच्या डोळ्यांकडे बघत नाहीये, तोंडाकडे बघतेय.

"अगं, रक्त!" शर्मिला म्हणाली.

सगळे उठले. कुणी टिश्यू पुढे केला, कुणी खुर्ची ओढली. "मॉम, प्लीज, डोन्ट टॉक," जुईली रडवेली होऊन म्हणाली, "जस्ट डोन्ट टॉक." सलील हलक्या आवाजात अभिजीतला सांगत होता, "स्टेरॉइड चालू आहे ना. त्यानं चिडचिड होते. डॉक्टरांनी सांगितलंच होतं." डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. तो फ्रिजकडे गेला, थंड दूध ग्लासात ओतून घेऊन आला, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून इतक्या मायेनं म्हणाला, "हे घे. हळूहळू पी," की शर्मिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. शर्वरी दूध प्यायली. दुधात तांबडा धागा उतरला. ती गप्प बसली होती तेव्हा तो होकार होता. ती बोलली तर तो आजार होता. मग तिचं असं उरलं कुठे? ग्लासाच्या तळाशी ती ते शोधत बसली. पाहुणे लवकर उठले, जाताना चपला घालत दोघंही सलीलला म्हणाले, "काळजी घे."

रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, शाळा सुटल्यावर ती प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत गेली. तिचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, सलीलच्या नावावर होता. शाळेनं तो आपल्याकडे घेतला तर ती एकटी राहू शकणार होती. सफिया म्हणाली होती, माझ्याकडे एक खोली आहे, ये तू. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "पर शर्वरी, आपके हजबंड ने तो लास्ट मंथ फोन किया था. बोले, हेल्थ के कारण आप कंटिन्यू नहीं करेंगी." त्या खऱ्याच अवघडल्या होत्या. "हमने एप्रिल के लिए दूसरी टीचर ले ली." मग त्यांनी विचारलं, की तुम्हाला माहीत नव्हतं का? शर्वरी म्हणाली, "माहीत होतं." का म्हणाली, ते तिला जिना उतरतानाही कळलं नाही. बहुधा नवऱ्याची लाज वाटली असावी, किंवा स्वतःची. दुसऱ्या शाळांत तिनं विचारून पाहिलं. सफियाही दोन ठिकाणी घेऊन गेली. नव्या सत्राच्या नेमणुका झाल्या होत्या, जागा कुठेच नव्हती. गेटपाशी सफिया रागानं लाल होऊन म्हणाली, "तू त्याला जाब विचार गो." शर्वरीनं नकारार्थी मान हलवली. विचारायचं म्हणजे पुन्हा रक्त येणार, पुन्हा दूध येणार.

एप्रिलमध्ये एका सकाळी ती चहा पीत होती आणि कप अर्धा झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की चहा गरम आहे आणि कुठेच काही झोंबत नाहीये. तिनं टॉर्च लावून पाहिलं. जाळी होती, पण फिकट. लाली ओसरली होती. सलील प्लांटवर गेला होता, जुईली झोपली होती. शर्वरी रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणाली, "आज मंगळवार आहे." दुखलं नाही. मग तिनं पाढे म्हटले, आठवीच्या धड्यातला पेशीचा परिच्छेद म्हटला, शेवटी सलीलचं नाव घेऊन दोन सणसणीत वाक्यं म्हटली. काहीच दुखलं नाही. संध्याकाळी सलील घरी आला, त्यानं विचारलं, "कसंय?" आणि तिनं ओठ मिटून मान हलवली. बेसिनपाशी ती औषध धरत राहिली, तो दारात येत राहिला, तिकिटं काढली गेली, दिवाणखान्यात खोके आले. तिला वाटलं होतं, या गप्प बसण्यात काहीतरी मजा येईल, सूड घेतल्यासारखी. तसं काही झालं नाही. तो जेवत होता, झोपत होता, खोक्यांवर सुंदर अक्षरात नावं घालत होता.

मेच्या शेवटी जाब्रियाला दाखवायला गेले. डॉक्टर फातिमांनी आरसा फिरवून सगळं तोंड तपासलं आणि त्या प्रसन्न झाल्या. खूपच चांगलं आहे, म्हणाल्या, जे करताय ते चालू ठेवा. मग लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "बोलताना दुखतं?"

"थोडंसं," सलील इंग्रजीत म्हणाला. "ती फार बोलत नाही."

"नाही, डॉक्टर," शर्वरी म्हणाली. "बोलताना महिन्याभरापासून मुळीच दुखत नाही."

डॉक्टरांनी तेवढं लिहून घेतलं. सलीलनं तिच्याकडे पाहिलं नाही. त्याचे हात मांडीवर होते, ते एकमेकांत गुंतले आणि तसेच राहिले. लिफ्टमध्ये तो आकडे पाहत उभा राहिला. बाहेर ऊन अंगावर कोसळलं, गाडीचं हँडल भाजलं, त्यानं एसी लावला आणि तो गार व्हायची वाट न पाहता गाडी काढली. गाडी फहाहीलच्या हायवेला लागली. तिला पहिल्यांदा त्याचा श्वास ऐकू येत होता.

"महिनाभर?" तो अखेर म्हणाला.

"हो."

"मग बोलत का नव्हतीस?"

तिला उत्तर शोधावं लागलं नाही. "बोलले होते की," ती म्हणाली. "पाडव्याच्या जेवणात, सगळ्यांसमोर. तेव्हा तू दूध आणायला उठलास."

सलीलनं तोंड उघडलं. त्याचा जबडा हलला. काहीतरी गिळायचं होतं आणि ते गिळलं जात नव्हतं, असं तिला शेजारून दिसत होतं. तो वेग वाढवत होता आणि त्याला ते कळत नव्हतं. तिला त्याची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं, म्हणून ती थोडा वेळ थांबलीसुद्धा. समोर उन्हात रस्ता थरथरत होता, लांब शुऐबाच्या चिमण्या आणि त्यांच्या टोकाची दिवसाढवळ्या जळणारी फिकट ज्योत दिसू लागली होती. घराकडे नेणाऱ्या मंगफच्या वळणाची पाटी आली, अंगावर धावून आल्यासारखी मोठी झाली, आणि मागे गेली. शर्वरीनं ती पाहिली होती. तिनं त्याला सांगितलं नाही.